तेरा अंश

“थंडी मी बंद केली होती,” असे आमची गाडी चालवणारे शौकतचाचा त्यांच्या मोडक्या अरबीत म्हणाले, आणि ते खोटे होते. मक्केच्या बाहेर, हॉटेलांना खाद्यपदार्थ पुरवणाऱ्या एका गोदामाच्या अंगणात, शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास हे घडले. आमच्या शीतगाडीची मागची दारे उघडी होती. गोदामाचा यमनी सुपरवायझर रुतबाचे एक खोके फोडून त्यावर वाकला होता आणि वाकल्यावाकल्याच त्याने मान बाजूला फिरवली होती. रुतब म्हणजे झाडावरून नुकता उतरवलेला मऊ, ओला खजूर. वाळवलेल्या खजुराचे दीर्घ आयुष्य त्याला नसते. त्या खोक्यातून आंबूस, किंचित गोडसर वास येत होता, ताडीच्या मडक्याजवळ उभे राहिल्यावर येतो तसा. सुपरवायझरने आरडाओरडा केला नाही. त्याने आणखी तीन खोकी फोडली, प्रत्येकातला एकेक खजूर चिमटीत दाबून पाहिला, बोटे पुसली, आणि फोन काढून पूर्वेकडच्या हुफूफला अबू जासिमांना लावला. माल अबू जासिमांच्या बागेतला होता. स्पीकर चालू असल्यामुळे त्यांचा प्रश्न अंगणात सर्वांना ऐकू आला. “गाडीत थंडी किती होती? कोणी लावली?” उत्तर माझ्यापाशी होते. तेरा अंश, आणि लावली मी. ते उत्तर मी मनातल्या मनात अरबीत जुळवत होतो, आधी आकडा सांगावा की आधी स्वतःचे नाव, एवढाच विचार चालला होता, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या चाचांनी ते वाक्य उच्चारले. डिझेल वाचवायला बंद केली, असेही ते पुढे म्हणाले. इथले काही ड्रायव्हर असे करतात. हा इतका नेहमीचा गुन्हा आहे की तो कबूल केल्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. अबू जासिमांनीही विचारला नाही.

मी बोललो नाही. प्रथम दोन-तीन क्षण बोललो नाही ते आश्चर्यामुळे, असे मला म्हणता येईल; पण त्यानंतरही बराच वेळ तिथे होता. अबू जासिम शांतपणे बोलत होते. माल टाकून द्या, म्हणाले. मंगळवारी दुसरी खेप तयार आहे, गाडी धुऊन आणा, म्हणाले. “पण हा म्हातारा गाडीत दिसला, तर एक खोकंही चढणार नाही. तुमच्या कफिलाला मी आत्ताच फोन करतो. याला घरी पाठवा.” कफील म्हणजे आम्हांला इथे काम करण्याचा अधिकार देणारा अरबी मालक. प्रत्येक वाक्यानंतर अबू जासिम किंचित थांबत होते, आणि त्या प्रत्येक थांब्यात माझे वाक्य सहज मावले असते. माझे गप्प राहणे लहानपणापासून माझ्या चांगुलपणात जमा धरले गेले आहे. हाशिर कसा शांत, असे अम्मी पाहुण्यांना सांगायची, आणि मी आतल्या खोलीत दाराआड उभा राहून ते ऐकायचो. शांत असणे आणि कोणी बोलेपर्यंत वाट पाहणे यांतला फरक तेव्हा मला कळत नव्हता. त्या अंगणात तो फरक कळला, असेही मला म्हणायचे नाही. त्या वेळी मला फक्त उन्हाचा चटका जाणवत होता आणि सुपरवायझरच्या अंगठ्याच्या नखाखाली अडकलेली खजुराची साल दिसत होती.

खोकी उतरवायला दुपार झाली. जवळच शेळ्या पाळणारा एक सुदानी माणूस पिकअप घेऊन आला आणि त्याने चार फेऱ्यांत सगळा माल नेला. शेळ्यांना आंबलेले चालते, असे तो हसत म्हणाला. मग चाचांनी पाइप घेऊन गाडीचा पेटारा आतून धुतला. पाणी दारातून बाहेर वाहत होते, त्यात खजुराचे तंतू होते, आणि चाचा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, दुधाची गाडी धुण्याच्या जुन्या सवयीने, कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश घालत होते. काम संपल्यावर त्यांनी पाय पुसले आणि मला विचारले, “गाडी हिते रवू दे. बसने जाऊ, जोहरची नमाज हरममध्ये पढून येऊ?” त्या उन्हाळ्यात आम्ही मक्केला चौथ्यांदा आलो होतो आणि प्रत्येक वेळी काबेच्या मशिदीजवळचा घड्याळाचा मनोरा दुरून पाहून परत फिरलो होतो. मी म्हणालो, उशीर होईल. खोटे बोललेला माणूस अल्लाच्या घरी जायला निघाला होता. गप्प राहिलेला निघू शकत नव्हता.

परतीचा रस्ता बाराशे किलोमीटरांचा आहे. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त आवाज करते. मागची दारे, साखळ्या, लोखंडी पट्ट्या यांना धरून ठेवणारे वजन नसले की प्रत्येक वस्तू आपापले बोलू लागते. चाचा गाडी चालवत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तायफचा घाट चढून वर येईपर्यंत मी विचारण्याची तयारी करत होतो. घाट संपल्यावर विचारले.

“चाचा, तुम्ही असा का बोललात?”

“कसा?”

“बंद केली म्हणून.”

“मग काय सांगायचा होता? मालकाला अक्कल नाय म्हणून?” त्यांनी गिअर बदलला. “ऐक माझा. ड्रायव्हर बदलता येतो. लोक टायर बदलतात तसा रोज बदलतात. पण मालकाला माल कळत नाय असा एकदा बाजारात गेला ना, की गाडी विकायला काढायची.”

“पण तुमचा नाव गेला.”

“माझा नाव इकाम्यावर हाय. छापलेला हाय. ता कोण खोडता?” असे म्हणून ते स्वतःच्या विनोदावर थोडे हसले. मग आरशात मागे पाहत, अगदी सहज, जणू रस्त्याबद्दल सांगावे तसे म्हणाले, “तू नुसता गप रव. ता तुला जमता.”

चाचांचे नाव म्हणजे काय, हे इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, छापलेले नाही. इथल्या एकतीस वर्षांपैकी चोवीस त्यांनी दुधाची गाडी चालवली, पूर्वेकडच्या डेअऱ्यांपासून पश्चिमेच्या शहरांपर्यंत, आणि त्यांचा एकही माल कधी परत आला नाही. हुफूफच्या औद्योगिक वसाहतीत, आम्ही आठजण राहायचो त्या खोलीत, नव्या येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगितली जायची. एका उन्हाळ्यात वाळवंटाच्या मध्यावर चाचांच्या गाडीचे थंडीचे यंत्र बंद पडले, तेव्हा त्यांनी उलट दिशेने येणाऱ्या एका मासळीवाल्याला हात दाखवून थांबवले, त्याच्याकडचा सगळा बर्फ घेतला, तो दुधाच्या क्रेटांवर रचला आणि माल वेळेत पोचवला. दुधाला मासळीचा वास लागू नये म्हणून आपली गोधडी मध्ये अंथरली. ही गोष्ट चाचा स्वतः कधी सांगत नसत. दुसरा कोणी सांगू लागला की ते उठून चहा करायला जात, पण चहा करताना स्टोव्ह बारीक ठेवत, म्हणजे आवाजामुळे गोष्ट ऐकू येण्यात अडथळा येऊ नये.

मी स्वतः एसीचा कारागीर म्हणून या देशात आलो. पाच वर्षे इतरांच्या भिंतींवर चढून थंड हवेची सोय करत राहिलो आणि त्या काळात एकच गोष्ट ठरवली, की आपली एक शीतगाडी असावी. इथे तिला बर्राद म्हणतात. आमचा कफील नगरपालिकेत नोकरी करणारा, सौम्य, आळशी माणूस. त्याच्या नावावर एक संस्था काढली गेली, दारावर त्या संस्थेचे नाव रंगवले गेले. कागदावर मी आणि चाचा त्या संस्थेचे दोन नोकर. प्रत्यक्षात गाडी माझी आणि चाचांनी तिचे स्टिअरिंग धरलेले. गाडी चालवाल का, हे चाचांना विचारण्यासाठीही मला तीन आठवडे लागले होते. ते नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसले की मी जवळ जायचो आणि नळ दुरुस्त करण्याचे निमित्त करून परत यायचो. अखेर तेच म्हणाले, “तीन आठवडे माझ्याभोवती मांजरासारखा फिरतंस. काय पायजे ता बोल एकदा. पैशे नाय माझ्याकडे.” मला पैसे नको होते. मला तो माणूस हवा होता ज्याचा माल परत येत नाही.

आणि त्याच माणसाला मी बुधवारी सकाळी, अबू जासिमांच्या बागेत, थंडीबद्दल शिकवले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. कच्ची वाट, दोन्ही बाजूंना झावळ्यांची सावली, पाटातून वाहणारे पाणी, आणि झाडावरून दोरीने उतरवलेल्या टोपल्यांतून खोक्यांत भरला जाणारा रुतब, मधाच्या रंगाचा, उन्हाने कोमट. त्याआधीच्या तीन खेपा वाळवलेल्या खजुराच्या होत्या; त्याला थंडीचे फारसे सोयरसुतक नसते. रुतब प्रथमच भरत होतो. मी त्यातला एक हातात घेतला. त्याचा मऊपणा, देठाजवळचा पिवळा, अजून न पिकलेला भाग, बोटांना लागणारा चिकटपणा, या सर्वांतून मला अब्बांच्या आंब्याच्या खळ्यातला मे महिना आठवला. अब्बा रत्नागिरीच्या आसपासच्या बागांतली फळे मक्त्याने घ्यायचे आणि हापूस मुंबईला पाठवायचे. पेंढ्याच्या थरांत आंबे लावताना ते माझा हात आपल्या हातात धरून आढीत घालायचे. ऊब लागते का, बघ, म्हणायचे. फळ जिवंत असते, ते श्वास घेते, त्याला कोंडू नये आणि गारठवूही नये. एका वर्षी वाशीच्या शीतगृहात कोणीतरी थंडी वाढवून ठेवली आणि अब्बांच्या चारशे पेट्यांवर काळे डाग पडले. बाहेर काढल्यावर ते आंबे पिकलेच नाहीत, नुसते सुरकुतले. तेराच्या खाली फळाला थंडी मारते, हे वाक्य अब्बांनी त्यानंतर इतक्या वेळा उच्चारले की ते आमच्या घरात कलम्याच्या खालोखाल पाठ झाले. अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांनी मला शिकवलेली आणि मी खरोखर शिकलेली अशी ती एकच गोष्ट होती. मी गाडीच्या पॅनेलवर तेराचा आकडा लावला, आणि फळाला श्वास घेता यावा म्हणून हवेची झडप अर्धी उघडी ठेवली.

चाचा पॅनेलपाशी आले. “तेरा?” एवढेच त्यांनी विचारले.

“हो.”

“दूध दोनावर न्यायचो आम्ही.”

तेव्हा मी त्यांना म्हणालो, “चाचा, दूध मेलेला असता. फळ जिवंत असता.” मी हे मोठ्या आवाजात म्हणालो नाही, मी काहीच मोठ्या आवाजात म्हणत नाही. पण त्या वाक्यात मालक होता. चोवीस वर्षे मेलेली वस्तू वाहणारा एक माणूस आणि जिवंत वस्तू ओळखणारा दुसरा, असा तो भेद होता, आणि तो करताना मला सुख वाटले, हे मी इथे लिहून ठेवतो. चाचांनी माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, “तू सांगतंस तर.” मग मक्केच्या वेशीवर शहरात शिरण्याची वेळ चुकली, शुक्रवारी गोदाम बंद राहिले, आणि तीन दिवस आणि तीन रात्री तो रुतब त्या बंद पेटाऱ्यात माझ्या तेरा अंशांवर, अर्ध्या उघड्या झडपेतून येणाऱ्या जुलैच्या हवेत, निवांत श्वास घेत राहिला.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास चाचांचा फोन वाजला. जुबेदाचाची होत्या, गावाहून. चाचांनी फोन डॅशबोर्डवर टेकवला आणि स्पीकर लावला, कारण त्यांना एका हाताने गाडी चालवणे पसंत नसे.

“माल पोचला काय?” चाची विचारत होत्या.

“पोचला.”

“चांगला पोचला?”

“माझा कधी वायट पोचलाय?”

“घराकडे कवा येतांव?”

“येतोय बहुतेक आता. ओटीवर जागा करून ठेव माझ्यासाठी.”

“ओटीवर मांजर व्यायलीय,” चाची म्हणाल्या. “तिला विचारते, जागा देतेय काय.”

दोघेही हसले. चाचांचे हसणे चाचींच्या हसण्यापेक्षा थोडे आधी थांबले. फोन ठेवल्यावर त्यांनी गाडीचा वेग जरा वाढवला, मग पुन्हा कमी केला. ओटीवर बसण्याबद्दल ते पूर्वी एकदा माझ्याशी बोलले होते. गावात परत गेलेले ड्रायव्हर त्यांनी पाहिले होते. ते नाक्यावर बसतात आणि ज्या रस्त्यांची नावे समोरच्याला ठाऊक नाहीत त्या रस्त्यांबद्दल सांगत राहतात. ऐकणारा काही वेळाने उठून जातो. चाचा म्हणाले होते, आपला माल तिथे खपत नाय. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना भीती फक्त त्या नाक्याची होती. आणि त्या नाक्याकडे मी त्यांना, काहीही न बोलता, घेऊन चाललो होतो. खरे तर तेच मला घेऊन चालले होते. स्टिअरिंग त्यांच्या हातात होते.

रियाधच्या अलीकडे एका पंपावर आम्ही मुक्काम केला आणि पहाटे फजरच्या नमाजानंतर पुन्हा निघालो. शहराला वळसा घालत असताना कफिलाचा फोन आला. अबू जासिमांनी त्याला कळवले होते. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त कागदपत्रे करावी लागण्याचा कंटाळा होता. उद्या सोमवार, शौकतचा पासपोर्ट घेऊन ये, खुरूज लावून टाकतो, असे तो म्हणाला. खुरूज म्हणजे कायमचे बाहेर जाण्याचा शिक्का. मी त्याला “तय्यिब” म्हणालो. म्हणजे ठीक आहे. चाचा पुढे पाहत होते. त्यांनी नक्कीच ऐकले असणार, कारण त्यांनी थर्मासकडे बोट दाखवून मला चहा ओतायला सांगितला, आणि एरवी ते स्वतःहून मागत नसत.

त्यानंतर जे झाले ते मी शक्य तितके नेमके सांगतो, कारण त्याचा मला स्वतःबद्दल अभिमान वाटावा असे त्यात काही नाही. मला पश्चात्तापाने बोलते केले नाही. तासभर मी बाहेर पाहत होतो; लालसर वाळू, विजेचे खांब, तारांवर अडकलेली प्लास्टिकची पिशवी. आणि त्या तासाभरात माझ्या लक्षात आले की मी मंगळवारच्या खेपेचा विचार करतो आहे. नवा ड्रायव्हर लागेल. खोलीतला पंकज मोकळा आहे, माणूस निर्व्यसनी आहे, गाडी उत्तम चालवतो. पण पंकजला मक्केत प्रवेश नाही, तेव्हा त्याचा उपयोग नाही. मग रय्यान. रय्यान बोलतो फार, पण मुसलमान आहे आणि परवानाही मोठ्या गाडीचा आहे. रय्यानला उद्याच फोन करावा. इथपर्यंत मी अगदी शांतपणे आलो होतो, चाचांच्या शेजारी बसून, त्यांनी मागितलेल्या चहाचा कप त्यांच्या हातात देता देता. चाचांनी घोट घेतला आणि “साखर कमी हाय,” म्हणाले. तेव्हा मला जाणवले की माझ्या मनात ते उतरून गेले होते, त्यांची सीट रिकामी होऊन भरलीही होती, आणि मला काहीही दुखले नव्हते. मला जे भय वाटले ते याचे. दुखले असते, तर मी कदाचित आणखी काही वर्षे ते दुःख जपत गप्प राहिलो असतो.

हुफूफची वळणे सुरू झाली तेव्हा मी म्हणालो, “चाचा, वसाहतीत नको. बागेकडे घ्या.”

“कशाला?”

“अबू जासिमांशी बोलायचा हाय.”

त्यांनी वेग कमी केला. “हाशिर, माझा ऐक. मी म्हातारा झालो, माझा काय. तू तोंड उघडशील तर दोघांचा जाईल.”

“घ्या बागेकडे,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा मी त्यांच्याशी मालकासारखा बोलत होतो.

दुपारची नमाज होऊन गेली होती. अबू जासिम बागेच्या कडेला, तीन बाजूंनी उघड्या असलेल्या बैठकीत, जमिनीवर टेकून बसले होते. समोर कॉफीची किटली होती. सत्तरीचा, बारीक, डोळे मिचकावत बोलणारा माणूस. चाचा गाडीतच थांबले. ते दिसले तर एक खोकेही चढणार नाही, ही अट त्यांनी पाळली. अबू जासिमांनी मला बसवले, स्वतःच्या हाताने छोटा कप भरून दिला, आणि नवा ड्रायव्हर कोण, असे विचारले. मी कप खाली ठेवला. वाटेत तयार केलेल्या अरबी वाक्यांतले एकही आठवेना. जे तोंडातून निघाले ते असे होते:

“मी. थंडी मी लावली. तेरा. तो नाही. तो खोटे बोलला. माझ्यासाठी.”

अबू जासिमांनी डोळे मिचकावणे थांबवले. “तेरा? तेरा कशाला?”

मी सांगू लागलो. माझे वडील, फळ, डब्यांतले गवत. शब्द अपुरे पडले तेव्हा मी हातांनी आंबा केला. ते पटकन म्हणाले, “मांगा. मुंबईचा. माहीत आहे.” आणि ते खरोखर लक्ष देऊन ऐकू लागले, एका बागायतदाराने दुसऱ्या पिकाबद्दल ऐकावे तसे. किती दिवसांत पिकतो, गवत कोणते, काळे डाग आतून पडतात की बाहेरून, असे प्रश्न त्यांनी विचारले. मी उत्तरे देत होतो. मला वाटू लागले की आपण वाचलो. शेवटी ते म्हणाले, “तुझ्या बापाचं बरोबर होतं. मांगासाठी. रुतब झाडावरून उतरला की संपला. त्याला श्वास घेऊ दिला की तो सडतो. त्याला थांबवून ठेवावं लागतं.” मग त्यांनी बागेतल्या माणसाला सांगून चाचांना बोलावणे पाठवले.

चाचा आले आणि पायरीशी उभे राहिले. अबू जासिमांनी त्यांना बसा म्हटले नाही.

“तू पूर्वी काय नेत होतास?”

“दूध.”

“किती थंडीवर?”

“दोन.”

“मग याला सांगितलं का नाहीस?”

“विचारलं होतं,” चाचा म्हणाले. “मालक तो आहे.”

अबू जासिमांनी स्वतःसाठी कॉफी ओतली, प्यायली, कप हलवून खाली ठेवला. मला शिव्या पडतील असे वाटत होते, किंवा माफी मिळेल असे; आणि दोहोंसाठी मी आतून तयार होतो. त्यांनी यांतले काहीच केले नाही. बाजारात उभे राहून दोन जनावरांचे दात पाहून झाल्यावर बोलावे तसे ते बोलले. “या हंगामात तुला माल नाही. गेल्या मालाचे पैसे मी सोडले. पुढच्या वर्षी ये, तोवर शीक.” मग चाचांकडे पाहून, “माझ्या तीन बर्राद आहेत. ड्रायव्हर आहेत ते चोर आहेत. तू इथे राहा. तुमच्या कफिलाशी मी बोलतो, इकामा माझ्याकडे करून घेऊ.” आणि त्यांनी चाचांसाठी कप भरला. चाचांनी तो लगेच घेतला नाही. ते माझ्याकडे वळून आमच्या बोलीत म्हणाले, “बघितलंस? सांगितला होता, गप रव. आता माल पण गेला.”

“चाचा, कप घ्या.”

“आणि तुझी गाडी कोण चालवणार?”

“मी.”

“तू? तुला रिव्हर्स येता काय? या बागेतून बाहेर काढशील काय?”

“तुम्ही रवा,” मी म्हणालो. हे मी अगदी हळू म्हणालो आणि त्यांना ते ऐकू आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्या रागाखाली, जिथे त्यांना वाटत होते की ते मला दिसत नाही, तिथे त्या नाक्यावरून उठलेल्या माणसाचा हलकेपणा होता. मग त्यांनी हात पुढे केला, कप घेतला आणि एका घोटात संपवला. “कडू हाय,” म्हणाले. अबू जासिमांनी तो पुन्हा भरला. तेव्हा चाचा बसले.

त्यांचे सामान म्हणजे एक बॅग, नमाजाचा मुसल्ला आणि थर्मास. थर्मास त्यांनी माझ्यासाठी ठेवला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो तेव्हा ती पुढे ओढावी लागली. चाचांचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत. वाट अरुंद होती. एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला मातीची भिंत, आणि डांबरी रस्त्यापर्यंत उलटे जायचे होते, कारण तिथे गाडी वळवायला जागा नव्हती. चाचा मागे जाऊन उभे राहिले. उजव्या आरशात त्यांचा एक हात दिसत होता. “येऊ दे,” त्यांनी हाक दिली. “येऊ दे, येऊ दे… डावी मार… अजून मार… झाडाला बघू नको, माझ्याकडे बघ… येऊ दे.” भिंतीच्या जवळ गेलो की ते गाडीच्या अंगावर दोनदा थाप मारत, मी थांबत असे, आणि ती थाप मला पाठीवर बसल्यासारखी वाटे. त्या दोनशे पावलांना बराच वेळ लागला. मग मागची चाके डांबरावर चढली, गाडी सरळ झाली आणि चाचा “बस” म्हणाले.

मी काच खाली केली. ते खिडकीपाशी आले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहून, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, ते एकतीस वर्षांचे काहीतरी मला एका दमात सांगू पाहत होते. वजनकाट्यावर मधल्या लेनमधून जा, उतारावर गिअर काढू नको, गाडी थांबली की आधी टायरला हात लावून बघ. मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न वाजवला. “ऐकू येता काय?” त्यांनी ओरडून विचारले.

“ऐकू येता,” मी म्हणालो. मग लक्षात आले की एवढ्या आवाजात ते त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. मी खिडकीतून डोके बाहेर काढले आणि पुन्हा, ओरडून सांगितले. रस्त्यापलीकडच्या दुकानातली दोन माणसे वळून पाहू लागली. चाचांनी हात हलवला आणि ते बागेकडे वळले. मी गिअर टाकला आणि औद्योगिक वसाहतीच्या त्या मैदानाकडे निघालो, जिथे काम नसलेल्या गाड्या रांगेत उभ्या असतात आणि ज्याला माल पाठवायचा असतो तो येऊन, ही गाडी कोणाची, असे विचारतो.